विद्यापीठाचे उघडे दार

प्रत्येक विद्यापीठाला दोन दारे असतात. पहिल्या दारातून आत जावयाचे तर परीक्षेतील गुण, प्रवेशाचा अर्ज, शुल्क आणि जागा या साऱ्यांचा मेळ बसावा लागतो. दुसऱ्या दारास यांपैकी काहीच लागत नाही. वेळेवर येणे, शांत बसणे आणि लक्ष देऊन ऐकणे एवढीच त्याची अट. हे दुसरे दार म्हणजे सार्वजनिक व्याख्यान होय. आमच्या बिदर व कलबुर्गी जिल्ह्यांतील मराठी माध्यमाच्या मुलांना पहिल्या दाराची माहिती बरीच असते. कारण दहावीनंतर काय करावयाचे ही चिंता घराघरांत असते. दुसऱ्या दाराची मात्र पुष्कळांना कल्पनाही नसते. विद्यापीठात एखादा पाहुणा विद्वान येणार असल्याची सूचना फलकावर लागते, वर्तमानपत्रात चार ओळी येतात, व्याख्यान होते आणि पाहुणा परत जातो. आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही, किंवा लागला तरी 'ते मोठ्या लोकांसाठी आहे' असे म्हणून आपण तो विषय सोडून देतो. ही समजूत दूर करावी आणि येत्या वर्षी होणाऱ्या अशा व्याख्यानांचा लाभ कसा घ्यावा हे सांगावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

व्याख्यान म्हणजे काय?

आमच्याकडे ऐकण्याची परंपरा काही नवी नाही. देवळातील कीर्तन, प्रवचन, मठातील पुराण, उरुसातील कव्वाली यांना आबालवृद्ध जातात आणि तासन्‌तास बसतात. तथापि कीर्तन आणि व्याख्यान यांत एक महत्त्वाचा भेद आहे. कीर्तनातील कथा बहुधा श्रोत्यांच्या परिचयाची असते. तीच पुन्हा ऐकताना मन भरून यावे हा तेथील हेतू असतो. व्याख्यात्याला मात्र श्रोत्यांस ठाऊक नसलेली, किंबहुना कधी कधी पटत नसलेलीही गोष्ट पुराव्यानिशी मांडावयाची असते. म्हणून कीर्तनाच्या शेवटी आरती होते, तर चांगल्या व्याख्यानाच्या शेवटी प्रश्न विचारले जातात.

वर्गातील पाठाहूनही व्याख्यान वेगळे आहे. वर्गात शिक्षक पाठ्यपुस्तकातील सिद्ध झालेले ज्ञान क्रमाने शिकवितात. व्याख्यानात पुष्कळदा ते ज्ञान घडविणारी व्यक्तीच आपल्यासमोर उभी असते. याचे एक उत्तम उदाहरण आपल्याच राज्यातील आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी प्रकाशाच्या विकिरणासंबंधीचा आपला शोध २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यास लावला आणि त्याच वर्षी १६ मार्चला बंगळूर येथे व्याख्यान देऊन तो विस्ताराने मांडला. त्या शोधास १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले आणि पुढे तो पाठ्यपुस्तकांत गेला. परंतु त्या दिवशी बंगळूरच्या सभागृहात बसलेल्या श्रोत्यांनी तो कोणत्याही पाठ्यपुस्तकात येण्यापूर्वीच ऐकला होता. ज्ञान ताजे असताना भेटते ते येथे.

आमच्या भूमीची परंपरा

पाहुण्या विद्वानास बोलवावे, त्याचा सन्मान करावा आणि त्याच्याकडून शिकावे, ही रीत आमच्या भागाला परकी नाही. कलबुर्गी जिल्ह्यात चित्तापूरजवळ नागावी नावाचे स्थळ आहे. अकराव्या शतकात तेथे घटिकास्थान, म्हणजे उच्च शिक्षणाचे केंद्र होते. इसवी सन १०५८ मधील तेथील शिलालेखात वेद व शास्त्रे शिकविणाऱ्या अध्यापकांची आणि विद्यार्थ्यांची व्यवस्था नोंदलेली आहे. एवढेच नव्हे, तर ग्रंथ सांभाळणाऱ्या 'सरस्वती-भांडारिकां'चाही त्यात उल्लेख आहे. नऊशेहून अधिक वर्षांपूर्वी ग्रंथपालाचे पद दगडावर कोरून ठेवावे इतके महत्त्वाचे मानले गेले होते, ही गोष्ट आपण अभिमानाने लक्षात ठेवावी.

त्याच शतकाच्या उत्तरार्धात काश्मीरचा कवी बिल्हण आपला प्रदेश सोडून निघाला. मथुरा, कनोज, प्रयाग, काशी, गुजरात असा प्रवास करीत तो अखेर चालुक्यांची राजधानी जे कल्याण, म्हणजे आजचे बसवकल्याण, तेथे पोहोचला. सहाव्या विक्रमादित्याने त्यास 'विद्यापती' ही पदवी देऊन राजसभेत स्थान दिले. हिमालयाच्या पायथ्याचा माणूस मांजरेच्या खोऱ्याजवळ येऊन मानाने राहतो, ते केवळ विद्येच्या बळावर.

पुढे बाराव्या शतकात त्याच कल्याणनगरीत महात्मा बसवेश्वरांच्या प्रेरणेने शरणांचा अनुभव मंटप भरू लागला. परंपरेने सांगितले जाते की अल्लमप्रभू त्याच्या शून्यसिंहासनावर अध्यक्षस्थानी होते आणि निरनिराळ्या व्यवसायांचे स्त्री-पुरुष तेथे आपला अनुभव मांडीत. अक्कमहादेवी तेथे आल्या तेव्हा त्यांना कठोर प्रश्न विचारले गेले आणि त्यांनी त्यांची निर्भय उत्तरे दिली, ही कथा आपल्याकडे घरोघर माहीत आहे. ही चर्चा संस्कृतात न होता लोकांच्या कन्नड भाषेत झाली, हे विशेष.

तिसरे स्मारक तर बिदर शहराच्या मध्यावर आजही उभे आहे. बहामनी राज्याचा वजीर महमूद गावान याने १४७२ साली बांधलेल्या मदरशात व्याख्यानगृहे, ग्रंथालय, अध्यापकांची व विद्यार्थ्यांची निवासस्थाने अशी सर्व सोय होती. ग्रंथालयात तीन हजार ग्रंथ होते असे सांगतात. गावान स्वतः इराणातून आलेला. त्याने हेरातचा प्रसिद्ध कवी व तत्त्वज्ञ जामी यास पत्रे लिहून दक्षिणेत येण्याचे निमंत्रण दिले होते. जामी आला नाही. परंतु हेरात ते बिदर हे अंतर, घोड्याचा व गलबताचा प्रवास आणि त्या काळची धामधूम लक्षात घेतली, म्हणजे असे निमंत्रण पाठविण्यामागची हिंमत लक्षात येते. १६९६ साली दारूच्या स्फोटाने त्या इमारतीचा मोठा भाग ढासळला. उरलेल्या मनोऱ्यावरील रंगीत कौले पाहावयास आपण सहलीने जातो. यापुढे तेथे जाल तेव्हा रंगीत कौलांबरोबर त्या रिकाम्या खोल्याही पाहा. त्या व्याख्यान ऐकण्यासाठी बांधलेल्या होत्या.

नव्या काळातील व्याख्यानमाला

या जुन्या केंद्रांत प्रवेश मिळे तो राजाश्रयाने किंवा शिष्यत्व पत्करून. तिकीट-चिठ्ठीवाचून कोणीही यावे आणि विद्यापीठातील विद्वानाने त्यांच्यापुढे बोलावे, ही कल्पना एकोणिसाव्या शतकातील आहे. इंग्लंडात १८६७ साली केंब्रिजचे तरुण अध्यापक जेम्स स्टुअर्ट यांस उत्तरेकडील स्त्रियांच्या संस्थांनी व्याख्यानांसाठी बोलाविले. लीड्स, लिव्हरपूल, शेफील्ड व मँचेस्टर या चार शहरांत त्यांनी खगोलशास्त्राच्या इतिहासावर व्याख्याने दिली. तरुण पुरुषाने स्त्रियांना समोरासमोर प्रश्न विचारणे त्या समाजास प्रशस्त वाटत नसे. म्हणून त्यांनी प्रश्न छापून वाटले आणि उत्तरे लिहून मागविली. अडचणीतून निघालेली ही युक्ती पुढे जगभर रूढ झाली. रॉचडेल येथे तर अशी हकीकत घडली की, व्याख्यानासाठी आणलेले तक्ते ते सभागृहातच टांगून गेले आणि पुढच्या वेळी येतात तो कळले की, तेथील कामकरी मंडळींनी मधल्या काळात त्या तक्त्यांवर चर्चा केली होती! त्यांच्या शंकांसाठी व्याख्यानाच्या आधी वेगळा वेळ ठेवावा लागला. १८७३ साली केंब्रिज विद्यापीठाने हे कार्य अधिकृतपणे आपल्या हाती घेतले. यालाच आपण मराठीत 'बहिःशाल शिक्षण' म्हणतो. पुणे विद्यापीठाचे बहिःशाल शिक्षण मंडळ हीच परंपरा चालविते. त्याची एक व्याख्यानमाला विद्यापीठाचे पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या नावाने चालते.

इंग्लंडात हे चालले असतानाच पुण्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. उन्हाळ्याच्या सुट्टीत संध्याकाळी गावातील लोकांनी एकत्र यावे, एका वक्त्याने एक विषय मांडावा आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने दुसरा, असा तिचा साधा क्रम. ही माला दीडशे वर्षे टिकून आहे. तिच्या पाठोपाठ महाराष्ट्रातील कित्येक शहरांत व तालुक्यांच्या गावी व्याख्यानमाला निघाल्या. विद्यापीठाची पायरी कधीही न चढलेल्या हजारो माणसांचे शिक्षण या मालांनी केले, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

पाहुणा कसा येतो?

व्याख्यानाची सूचना आपण वाचतो तेव्हा तिच्यामागे किती काम झालेले असते याची आपल्याला कल्पना नसते. प्रथम विभागातील अध्यापक विषय आणि वक्ता सुचवितात. त्यास पत्र जाते, दिवस ठरतो, प्रवासखर्च, राहण्याची सोय व मानधन यांस मंजुरी घेतली जाते. मग सभागृह राखून ठेवणे, पत्रिका छापणे, अध्यक्ष ठरविणे ही कामे होतात. प्रत्यक्ष समारंभात स्वागत, वक्त्याचा परिचय, व्याख्यान, प्रश्नोत्तरे, अध्यक्षीय समारोप आणि आभार हा क्रम असतो. परिचय थोडा आणि प्रश्नोत्तरे पुष्कळ, हे चांगल्या सभेचे लक्षण. हारतुऱ्यांत अर्धा तास गेला की समजावे, वक्त्याचा वेळ चोरीस गेला.

व्याख्यानांचे प्रकारही ओळखता आले पाहिजेत. पदवीदानाच्या वेळी होते ते दीक्षान्त भाषण. एखाद्या थोर व्यक्तीच्या नावे देणगी ठेवून दर वर्षी किंवा ठरावीक काळाने होते ते स्मृतिव्याख्यान. मुंबई विद्यापीठातील 'विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्याने' ही या प्रकारची. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी १८७७ साली ती दिली आणि संस्कृतापासून मराठी, हिंदी, गुजराती आदी भाषा कशा घडत गेल्या याचा शास्त्रशुद्ध विचार मांडला. पुढे ती पुस्तकरूपाने निघाली आणि भारतीय भाषाशास्त्राचा एक आधारग्रंथ ठरली. विभागात बाहेरचा विद्वान येऊन त्या विषयाच्या विद्यार्थ्यांसमोर बोलतो ते अतिथी-व्याख्यान. अनेक वक्ते एकाच प्रश्नाच्या निरनिराळ्या बाजू मांडतात तो परिसंवाद. यांपैकी अतिथी-व्याख्यान पुष्कळदा त्या विभागापुरते असते; बाकीची बहुधा सर्वांस खुली असतात. पत्रिकेवर 'सर्वांस प्रवेश' असे लिहिलेले नसेल तर आमच्यासारख्या शिक्षकांनी आधी पत्राने विचारून घ्यावे. शाळेने विनंती केली तर विद्यापीठास आनंदच होतो. रिकाम्या खुर्च्या कोणत्याच आयोजकास आवडत नाहीत.

येथे यजमानाच्या कर्तव्याविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने आपल्या वार्षिक परिषदेचे अध्यक्षस्थान डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांस दिले होते. त्यांचे लिखित भाषण हाती येताच मंडळाच्या चालकांनी त्यातील काही मजकूर गाळण्याची सूचना केली. बाबासाहेबांनी ती नाकारली आणि परिषद झालीच नाही. मग त्यांनी ते भाषण स्वतःच्या खर्चाने छापले. पहिल्या आवृत्तीच्या पंधराशे प्रती होत्या. तेच 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' म्हणजे 'जातिप्रथेचे विध्वंसन' हे पुस्तक. त्याची पुढे अनेक भारतीय भाषांत भाषांतरे झाली आणि आज ते जगभर अभ्यासले जाते. न झालेले हे व्याख्यान झालेल्या कित्येक व्याख्यानांहून अधिक ऐकले गेले! पाहुण्यास बोलाविले की त्याचे म्हणणे पुरते ऐकावे, मग वाटल्यास खोडून काढावे. परंतु आपल्याला गोड वाटेल तेवढेच त्याने बोलावे अशी अट घालू नये, हा धडा यजमान आणि श्रोते या दोघांनीही घ्यावा.

येत्या वर्षी काय ऐकाल?

आज आमच्या दोन जिल्ह्यांत विद्येची केंद्रे हाताशी आहेत. कलबुर्गीजवळ 'ज्ञानगंगा' परिसरात गुलबर्गा विद्यापीठ १९८० साली स्थापन झाले. त्याआधी १९७० पासून तेथे धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचे पदव्युत्तर केंद्र होते. कलबुर्गीहून आळंदकडे जाताना कडगंची येथे कर्नाटक केंद्रीय विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर लागतो. या विद्यापीठाची स्थापना २००९ सालची. राज्याच्या पशुवैद्यकीय, पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचे तर मुख्य ठाणेच बिदर येथे आहे. सीमेपलीकडे नांदेडला १९९४ साली स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे आणि सोलापुरास २००४ पासून स्वतंत्र विद्यापीठ आहे.

या ठिकाणी वर्षातील काही दिवशी व्याख्याने हमखास होतात, तेव्हा दिनदर्शिकेवर आताच खुणा करून ठेवाव्यात. २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन १९८७ पासून पाळला जातो. त्या सुमारास विज्ञान विभागांत पाहुणे येतात आणि प्रयोगशाळाही पाहावयास मिळतात. त्याच्या आदल्या दिवशी, २७ फेब्रुवारीस, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी मराठी भाषा गौरव दिन असतो आणि २१ फेब्रुवारीस आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन. १४ एप्रिल हा डॉ. आंबेडकर जयंतीचा दिवस आणि वैशाखात बसव जयंती. १ नोव्हेंबरला राज्योत्सव. १७ सप्टेंबर तर आपला विशेष दिवस आहे. १९४८ साली त्या दिवशी निजामाची राजवट संपली. कर्नाटकात तो कल्याण कर्नाटक उत्सव म्हणून आणि महाराष्ट्रात मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतात. एकाच घटनेवर सीमेच्या दोन्ही अंगांना व्याख्याने होतात आणि दोन्हीकडे जाता येईल असे भाग्य आपल्यासारख्या सीमावासीयांचेच.

कोणी म्हणेल, शेतकऱ्याच्या मुलाला याचा काय उपयोग? देवणी जातीची गुरे औराद-भालकीच्या शिवारात घरोघर होती आणि अजूनही आहेत. त्यांच्या वंशाचे रक्षण कसे करावे हे सांगणारे पशुवैद्य बिदरलाच आहेत. कलबुर्गीच्या तूरडाळीस २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे नेमके काय मिळाले आणि त्याचा फायदा शेतकऱ्यास कसा करून घेता येतो, हाही व्याख्यानाचाच विषय आहे. अशा व्याख्यानास मुलाने एकट्याने न जाता वडिलांना घेऊन जावे.

भाषेची अडचण

आता खऱ्या अडचणीकडे वळू. आमच्या मुलांना मनातून भीती वाटते ती भाषेची. विद्यापीठातील व्याख्याने कन्नडात किंवा इंग्रजीत होतात. आम्ही मराठीतून शिकलो. आम्हांस काय कळणार? ही भीती खोटी नाही, पण ती जेवढी वाटते तेवढी मोठीही नाही.

स्वामी दयानंद सरस्वती १८७५ साली पुण्यास आले होते. जन्माने ते गुजराती. व्याख्याने दिली ती हिंदीतून. ऐकावयास बसले होते मराठी लोक. त्या काळी हिंदी चित्रपट नव्हते, नभोवाणी नव्हती. पुणेकरांच्या कानांवर हिंदी आजच्याइतकी पडत नव्हती. तरीही लोक येत राहिले, टिपणे घेतली गेली आणि त्यांतील पंधरा व्याख्याने मराठीत छापून निघाली. श्रोत्यांच्या मनात ऐकण्याची ओढ असेल, तर भाषेची भिंत उंबरठ्याएवढी होते.

उलट बाजूनेही पाहा. विद्यापीठांनीही लोकांच्या भाषेकडे यावे लागते. कलकत्ता विद्यापीठात पदवीदानाचे भाषण इंग्रजीतच होत असे. १९३७ साली रवींद्रनाथ ठाकूर यांनी ते प्रथमच बंगालीत केले. आज आपल्या विद्यापीठांतून कन्नड व्याख्याने होतात ती याच न्यायाने योग्य आहेत. मराठी वक्त्यांनाही अधूनमधून बोलवावे अशी विनंती आपण जरूर करावी, आणि त्या विनंतीबरोबर कन्नड व्याख्यानासही जावे. दोन्ही गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत.

तुम्ही शाळेत कन्नड शिकता. बाजारात, बसमध्ये, शेजारी ती बोलता. मग सभागृहातच ती परकी का व्हावी? आमच्या घरी कोकणी बोलली जाते, वर्गात मी मराठीतून शिकविते आणि व्याख्यान ऐकावयाचे ते कन्नडात. तीन भाषा तीन खोल्यांसारख्या आहेत, घर एकच. सीमेवरच्या माणसाने याहून मोठी कामे केली आहेत. धारवाडचे द. रा. बेंद्रे यांच्या घरात मराठी होती; ते कन्नडचे महाकवी झाले, १९७३ सालच्या ज्ञानपीठ पुरस्काराचे मानकरी ठरले, मराठीतही लिहीत राहिले आणि १९४४ ते १९५६ पर्यंत सोलापूरच्या महाविद्यालयात कन्नड शिकवीत होते. आणि ज्यांचे नाव नांदेडच्या विद्यापीठास आहे ते स्वामी रामानंद तीर्थ यांचा जन्म १९०३ साली विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला होता. ज्ञानाच्या वाटेवर राज्याची हद्द लागत नाही.

ऐकावे कसे?

नुसते जाऊन बसणे म्हणजे ऐकणे नव्हे. ऐकण्याची सर्वांत मोठी कथा मायकेल फॅरडे याची आहे. लंडनमधील एका लोहाराचा हा मुलगा पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करीत होता. शाळा फारशी झाली नव्हती. १८१२ साली दुकानाच्या एका ग्राहकाने त्यास सर हम्फ्री डेव्ही यांच्या रसायनशास्त्रावरील व्याख्यानांची प्रवेशपत्रे दिली. चार व्याख्याने त्याने गच्चीवजा सज्जात बसून ऐकली, टिपणे घेतली, घरी येऊन ती विस्ताराने लिहिली, आकृत्या काढल्या आणि आपल्याच हाताने बांधून सुमारे तीनशे पानांचा ग्रंथ तयार केला. तो त्याने डेव्हींकडे पाठविला. १८१३ साली त्याच संस्थेत त्यास साहाय्यकाची जागा मिळाली. पुढे विजेच्या जनित्रामागील मूलतत्त्व शोधणारा शास्त्रज्ञ झाल्यावर तो स्वतः मुलांसाठी नाताळात व्याख्याने देऊ लागला. अशा एकोणीस माला त्याने दिल्या. त्यांपैकी 'मेणबत्तीचा रासायनिक इतिहास' ही माला फार गाजली. एका मेणबत्तीच्या ज्योतीवरून त्याने मुलांना सारे रसायनशास्त्र उलगडून दाखविले. जो चांगला ऐकणारा होता तोच चांगला सांगणारा झाला, हे ध्यानात घ्या.

फॅरडेच्या रीतीने आपणही काही नियम पाळावेत. पहिला, जाण्यापूर्वी विषयाची थोडी तयारी करावी. ग्रंथालयातून त्यावरील एखादे पुस्तक किंवा विश्वकोशातील नोंद वाचून जावी. भाषा परकी वाटत असेल तर त्या विषयातील दहा-वीस शब्दांचे कन्नड व इंग्रजी पर्याय वहीत लिहून न्यावेत. एवढ्या शिदोरीवर अर्धे व्याख्यान पार पडते. दुसरा, बोलण्यातील प्रत्येक वाक्य उतरवू नये. मुख्य मुद्दा, त्याचा पुरावा आणि आपल्याला न कळलेला भाग, असे तीन रकाने करावेत. तिसरा रकाना रिकामा राहिला तर आपण नीट ऐकले नाही असे समजावे. तिसरा नियम, प्रश्न विचारावा. प्रश्न छोटा, एकच आणि खरोखर पडलेला असावा. आपले ज्ञान दाखविण्यासाठी विचारलेला प्रश्न हा प्रश्न नसून दुसरे व्याख्यान असते. 'मला मराठीत विचारण्याची परवानगी द्यावी' असे नम्रपणे म्हटल्यास आपल्या भागात ते समजून घेणारे कोणीतरी सभागृहात नक्कीच निघते. चौथा, वक्त्यावर श्रद्धा ठेवून सर्व खरे मानू नये आणि नाव लहान म्हणून तुच्छही लेखू नये. पुरावा कोणता, एवढेच पाहावे. पाचवा, त्याच रात्री टिपणे नीट लिहून काढावीत आणि दुसऱ्या दिवशी जे आले नव्हते त्यांना सांगावीत. एक विद्यार्थी ऐकून आला आणि चाळीस जणांना सांगू शकला, तर बसभाड्याचे चीज झाले.

पालकांस विनंती

शेवटी दोन शब्द घरच्या वडीलधाऱ्यांसाठी. पुष्कळ व्याख्याने सायंकाळी होतात आणि आमच्या मुलींचे पाऊल तेथेच अडते. स्टुअर्ट यांची ती पहिली व्याख्याने स्त्रियांनीच मागितली होती हे आपण वर पाहिले. अनुभव मंटपातही स्त्रिया बसत होत्या. तेव्हा उशीर होतो म्हणून मुलीस घरी ठेवण्याऐवजी चार-सहा मुलींचा गट करून कोणी आई, मावशी किंवा शिक्षिका बरोबर जावे. जमेल तेव्हा दिवसाची व्याख्याने निवडावीत. खर्च होतो तो बसच्या तिकिटाचा. परंतु आपली मुलगी विद्यापीठाच्या सभागृहात एकदा बसून आली की तेथे शिकावयास जाण्याचे धैर्य तिच्यात आपोआप येते. दुसऱ्या दारातून जो आत जाऊन येतो, त्याला पहिल्या दाराची भीती उरत नाही. हाच या साऱ्या खटाटोपाचा सर्वांत मोठा लाभ आहे.

विद्यार्थी मित्रांनो, येत्या वर्षात प्रत्येकाने निदान दोन व्याख्याने ऐकण्याचा संकल्प करावा; एक आपल्या आवडत्या विषयावरचे आणि एक अगदी अनोळखी विषयावरचे. त्यांतील एक तरी कन्नडात असावे. सूचनाफलक वाचण्याची सवय ठेवा, वर्तमानपत्रातील चार ओळींवर नजर असू द्या, आणि वर्गशिक्षकांकडे बरोबर येण्याचा आग्रह धरा. नागावी, कल्याण आणि बिदर येथे एके काळी दूरदूरचे विद्वान आले ते येथे ऐकणारे होते म्हणून. पाहुणे आजही येत आहेत. ऐकणाऱ्यांच्या जागा आपण भरावयाच्या आहेत.